भाड्याच्या वाहनांवरील कराची वजावट : तरतूद आणि व्यवहार

प्रस्तावना :
प्रवासी मोटारी भाड्याने देणारा व्यावसायिक गाडी घेतानाच वस्तू व सेवा कर भरतो. हा कर परत मिळतो काय, हा प्रश्न त्याच्या भांडवलाशी निगडित आहे. प्रस्तुत लेखात चालक व इंधनखर्चासह भाड्याने दिल्या जाणाऱ्या मोटारींपुरता त्याचा विचार केला आहे.

कायदेशीर तरतूद :
केंद्रीय वस्तू व सेवा कर अधिनियम, २०१७ च्या कलम १७(५) नुसार चालकासह तेरापर्यंत आसने असलेल्या प्रवासी वाहनांवरील कराची वजावट, म्हणजेच इनपुट टॅक्स क्रेडिट, सामान्यतः मिळत नाही. मात्र प्रवासी वाहतूक, वाहन चालविण्याचे प्रशिक्षण किंवा अशाच वाहनांचा पुढील पुरवठा यांसाठी वाहन वापरल्यास हा निर्बंध लागू होत नाही. एकच मोटार कारखानदाराने अधिकाऱ्यांसाठी घेतली तर वजावट नाही. प्रवासी वाहतूकदाराने घेतली तर ती मिळू शकते. येथे निकष वस्तूचा नसून वापराचा आहे.

दराची निवड :
वजावट मिळणे हे भाड्यावरील कराच्या दरावरही अवलंबून असते. व्यावसायिकापुढे दोन पर्याय आहेत : ५ टक्के दर, ज्यात गाडीवरील कराची वजावट नाही, किंवा वजावटीसह १८ टक्के दर. दुसरा दर २२ सप्टेंबर २०२५ पूर्वी १२ टक्के होता.

समजा, ८ लाख रुपयांच्या लहान मोटारीवर १८ टक्क्यांनी १,४४,००० रुपये कर भरला. ग्राहकाकडून घ्यावयाचे करासह भाडे दोन्ही पर्यायांत समान ठेवले आणि इतर खरेदीवरील वजावट बाजूला ठेवली, तर एकूण भाडे सुमारे १३ लाख ७२ हजार रुपयांवर जाताच १८ टक्क्यांचा जादा कर मिळालेल्या वजावटीला ओलांडतो. गाडी अनेक वर्षे चालते, हे लक्षात घेता ही मर्यादा फार दूरची नाही.

इतर अटी :
कराच्या रकमेवर आयकरात घसारा घेतल्यास कलम १६(३) नुसार वजावट मिळत नाही. वजावट घेतलेली गाडी पुढे विकल्यास कलम १८(६) लागू होते. बीजकाच्या तारखेपासून प्रत्येक तिमाहीस किंवा तिच्या भागास ५ टक्के वजा करून उरणारी वजावट अथवा विक्रीमूल्यावरील कर, यांपैकी जी रक्कम अधिक असेल ती भरावी लागते.

समारोप :
वजावटीचा हक्क असणे आणि ती लाभदायक ठरणे या भिन्न बाबी आहेत. म्हणून गाडीच्या बीजकाबरोबरच तिच्या संपूर्ण आयुष्यातील अपेक्षित भाड्याचा हिशेब मांडूनच दराची निवड होणे आवश्यक आहे.