यंत्रातील ग्रंथपाल

अमेरिकेच्या ओहायो राज्यात सिनसिनाटी नावाचे शहर आहे. तेथील वैद्यकीय महाविद्यालयात जॉन शॉ बिलिंग्ज नावाचा एक तरुण शिकत होता. १८६० साली तो पदवीधर झाला. त्या पदवीसाठी त्याने एक प्रबंध लिहावयास घेतला. अपस्माराच्या, म्हणजे फेपऱ्याच्या, रोग्यावर शस्त्रक्रिया केली असता त्यास गुण येतो काय, हा त्याचा विषय होता. ठिकठिकाणच्या शस्त्रवैद्यांनी आपापले अनुभव लिहून ठेवलेले होते. किती रोगी बरे झाले आणि किती दगावले, हे त्यांतून वेचून काढले की पुढच्या रोग्याचे काय करावे, हे ठरविता येणार होते.

परंतु हे वेचण्याचे कामच अवघड ठरले. हजारभर ग्रंथांतून एका विषयाचे उल्लेख शोधावयाचे म्हणजे अपार वेळ व श्रम लागतात, हे बिलिंग्जला कळून चुकले. ग्रंथांना जोडलेल्या सूचींवर विसंबून राहावे, तर त्याही नेहमी भरवशाच्या नसत. शिवाय, हवे असलेले बहुतेक साहित्य एके ठिकाणी मिळेल, असे एकही ग्रंथालय त्या वेळी त्याच्या देशात नव्हते. ज्ञान जगात होते. पण ज्याला त्याची गरज होती, त्याच्या हाती ते लागत नव्हते.

हा अनुभव बिलिंग्ज विसरला नाही. पुढे लष्करी शस्त्रवैद्य झाल्यावर वॉशिंग्टन येथील सैन्याच्या वैद्यकीय ग्रंथालयाची जबाबदारी त्याच्याकडे आली. १८७९ साली त्याने 'इंडेक्स मेडिकस' नावाची सूची सुरू केली. जगभर प्रसिद्ध होणाऱ्या वैद्यकीय लेखांची व ग्रंथांची नावे तीत विषयवार दिलेली असत. याच ग्रंथालयाला १९५६ साली राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालय असे नाव मिळाले. लेखांची संख्या इतकी वाढत गेली की, छापील सूची तयार करणेही जड जाऊ लागले. तेव्हा १९६४ साली हे काम संगणकाकडे सोपविण्यात आले. १९७१ साली 'मेडलाइन' ही योजना निघाली आणि दूरच्या गावातील ग्रंथालयालाही दूरध्वनीच्या तारेवरून या सूचीत शोध घेता येऊ लागला.

येथे एक नवीच अडचण उभी राहिली. संगणक वेगवान खरा; पण त्याला अक्षरे तेवढी जुळविता येतात. एकाच रोगाला मराठीत कोणी हिवताप म्हणतो, कोणी मलेरिया म्हणतो. हिवताप हा शब्द देऊन शोधू लागले, तर मलेरिया या नावाखालचे लेख साध्या यंत्राला दिसणारच नाहीत. इंग्रजीतही असेच घडते. सामान्य माणूस ज्याला 'हार्ट अटॅक' म्हणतो, त्याला वैद्य आपल्या लेखात 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' म्हणतात.

यावरचा उपाय आपल्याकडे फार जुना आहे. अमरसिंहाने आपल्या अमरकोशात एका अर्थाचे अनेक शब्द एकत्र आणले आणि ते विषयांच्या वर्गांत बसविले. राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६० साली वैद्यकातील विषयसंज्ञांचा असाच एक कोश प्रसिद्ध केला. त्याला 'मेश' म्हणतात. प्रत्येक विषयासाठी एक अधिकृत संज्ञा ठरविलेली असते. बाकीची नावे तिच्याकडे बोट दाखवितात. या संज्ञा एखाद्या वंशवृक्षासारख्या मांडलेल्या आहेत. 'हृदयरोग' ही मोठी फांदी. तिच्या पोटात निरनिराळ्या हृदयविकारांच्या लहान फांद्या.

तथापि हा कोश वापरणे ही एक विद्याच होती. म्हणून आरंभी वैद्य स्वतः शोध घेत नसत. ते प्रशिक्षित ग्रंथपालाकडे जात. ग्रंथपाल त्यांना विचारी, "रोगी लहान मूल आहे की प्रौढ? आपणास रोगाचे कारण हवे की उपचार?" मग तो योग्य संज्ञा निवडी. लेख फारच थोडे निघाले, तर व्यापक संज्ञा घेई. फार निघाले, तर प्रश्न अधिक नेमका करी. ग्रंथपालाचे खरे भांडवल हे ज्ञान होते.

हे ज्ञान नियमांच्या रूपाने यंत्रालाच शिकविले तर? अशा विचारातून ज्या योजना जन्माला आल्या, त्यांना ज्ञानाधारित प्रणाली म्हणतात. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमध्ये स्टीव्हन पॉलिट यांनी 'कॅनसर्च' नावाची अशी एक प्रणाली तयार केली. ती कर्करोगाच्या उपचारांविषयीचे लेख शोधण्यासाठी होती. वैद्याने पडद्यावरील शब्दांना बोट लावून कर्करोग कोणत्या अवयवाचा, उपचार कोणता, हे सांगावयाचे. त्यावरून मेशमधील योग्य संज्ञा जुळवून प्रश्न रचण्याचे काम प्रणाली करी. वैद्याला मेश पाठ असण्याची गरज उरली नाही. मात्र या प्रणालीचे ज्ञान त्या एका विषयापुरतेच होते.

आज ही मदत कोणालाही घरबसल्या मिळते. १९९६ साली सुरू झालेली आणि १९९७ पासून सर्वांना विनामूल्य खुली असलेली 'पबमेड' ही सूची साडेतीन कोटींहून अधिक लेखांची नोंद ठेवते. तीत 'हार्ट अटॅक' असे लिहिले, तरी ती 'मायोकार्डियल इन्फार्क्शन' या संज्ञेखालचे लेखही काढून देते. मोठ्या फांदीचे नाव दिले, तर लहान फांद्यांवरील लेखही पुढे ठेवते.

असे असले, तरी यंत्राची समज मर्यादितच असते. इंग्रजीत 'कोल्ड' म्हणजे थंडी आणि 'कोल्ड' म्हणजे पडसेही. एवढा एकच शब्द दिला, तर विचारणाऱ्याच्या मनात काय आहे, हे यंत्राने कसे जाणावे? जुना ग्रंथपाल अशा वेळी हसून विचारी, "आपणास नक्की काय हवे?" आता हा प्रश्न शोध घेणाऱ्याने स्वतःला विचारावा लागतो. सापडलेल्या लेखांपैकी विश्वासार्ह कोणता, हेही वाचून त्यानेच ठरवावयाचे असते.

तरुण बिलिंग्जला ज्या शोधासाठी ग्रंथांचे ढीग उपसावे लागले, तो शोध आज एखाद्या लहान गावातील वैद्यही रोग्याच्या उशाशी बसून काही क्षणांत घेऊ शकतो. हे काम यंत्र करीत असले, तरी यंत्रामागे अनेक पिढ्यांतील ग्रंथपालांचे कष्ट आहेत. त्यांनी एकेक लेख वाचला, त्याला योग्य नाव दिले आणि तो योग्य जागी ठेवला; म्हणूनच तो आज गरजेच्या वेळी सापडतो.