हलकी बंदूक, जड धक्का

दिंडोरीसारख्या शेतीच्या तालुक्यात पिकाच्या राखणीसाठी बंदुकीचा परवाना काढता येतो. १९५९ च्या शस्त्र कायद्यात तशी तरतूद आहे. घरातला तरुण प्रथमच नेम शिकणार असला की कोणीतरी हमखास म्हणते, "पोराला हलकी बंदूक द्या." हा सल्ला बरोबर आहे का?

आधी '१२ बोअर' म्हणजे काय ते पाहू. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम, शिशाचे १२ सारखे गोळे करा. त्यातला एक गोळा ज्या नळीत नेमका बसेल ती १२ बोअरची नळी. तिचा व्यास सुमारे १८.५ मि.मी. भरतो. २० बोअरला त्याच शिशाचे २० गोळे करायचे. म्हणून ती नळी बारीक, सुमारे १५.६ मि.मी. आकडा मोठा, नळी लहान!

आता धक्क्याचा हिशेब. समजा, ३२ ग्रॅम छर्रे सेकंदाला ४०० मीटर वेगाने सुटले. त्यांचा संवेग ०.०३२ × ४०० = १२.८. न्यूटनच्या तिसऱ्या नियमानुसार बंदुकीला तेवढाच संवेग उलट दिशेने मिळतो. बंदूक ३.२ किलोची असेल तर ती सेकंदाला ४ मीटर वेगाने मागे येईल, २.५ किलोची असेल तर ५ मीटरहून अधिक वेगाने. (दारूच्या वायूचा वाटा येथे सोडला आहे.) म्हणजे हलकी बंदूकच खांद्याला जोराने लागते. धक्क्याला भ्यालेला शिकाऊ घोडा ओढताना डोळे मिटतो, आणि नळी भलतीकडे वळते. धोका तिथेच असतो.

मग उपाय? बंदूक पेलवेल इतकी जड, पण काडतूस हलके. ऑलिंपिकच्या नेमबाजीत काडतुसात २४ ग्रॅम छर्रे असतात. त्याच वेगाला ३.२ किलोची बंदूक केवळ ३ मीटर वेगाने मागे येते. शिवाय दस्ता खांद्याशी घट्ट धरला की शरीराचे वजनही धक्का वाटून घेते.

हे शिकायचे ते शिकारीसाठी नव्हे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातील १९९१ ची दुरुस्ती यांनी हौसेची शिकार थांबवली. आता नेम धरायचा तो उडत्या चकत्यांवर. याच खेळात राज्यवर्धनसिंह राठोड यांनी २००४ साली अथेन्सला रौप्यपदक मिळवले. परवानाही सर्वसाधारणपणे २१ वर्षांखाली मिळत नाही. तोवर बंदुकीला हात न लावता गणित करा : १६ बोअरच्या नळीचा व्यास किती? शिशाची घनता ११.३४ धरा. उत्तर १६.८ मि.मी. यायला हवे.