बाह्य आच्छादनाचे काम आणि कामगारांची सुरक्षितता

इमारतीचा सांगाडा उभा राहिला आणि भिंती बांधून झाल्या की तिच्या बाह्यांगावर आच्छादन चढविण्याचे काम सुरू होते. ऊन, पाऊस व वारा यांपासून भिंतींचे रक्षण करणे आणि इमारतीला रूप देणे, हे या आच्छादनाचे प्रयोजन होय. भारतात त्याचे अनेक प्रकार आढळतात. उत्तरेकडे राजस्थानातील धोलपूरच्या वालुकाश्माच्या फरश्या, दक्षिणेकडे ग्रॅनाइट, कारखान्यांच्या शेडना नालीदार पत्रे, तर शहरांतील उंच इमारतींना ॲल्युमिनियमचे तक्ते, असे साहित्य बदलत जाते. परंतु काम करणाऱ्या माणसाची स्थिती मात्र सर्वत्र सारखीच असते. त्याचे तोंड भिंतीकडे व पाठ मोकळ्या अवकाशाकडे असते आणि दोन्ही हात जड किंवा रुंद वस्तूत गुंतलेले असतात. तोल गेला तर सावरण्यासाठी त्याचा एकही हात मोकळा नसतो.

तीन मीटर उंचीवरून निसटलेला माणूस सुमारे पाऊण सेकंदात जमिनीवर येतो आणि त्या क्षणी त्याचा वेग ताशी जवळजवळ २८ किलोमीटर असतो. दहा मीटर उंचीवरून पडल्यास हाच वेग ताशी ५० किलोमीटर होतो. इतक्या थोड्या अवधीत काही धरणे किंवा अंग सावरणे बहुधा शक्य होत नाही. म्हणूनच कामगाराचे कौशल्य व सावधपणा यांवर सुरक्षितता सोपवून चालत नाही. पडण्याचा प्रसंगच येऊ नये अशी व्यवस्था काम सुरू होण्यापूर्वी, जमिनीवर असतानाच करावी लागते.

या व्यवस्थेचा मुख्य आधार म्हणजे परांची. काही भागांत तिला पहाड असेही म्हणतात. बांबू व काथ्याची दोरी यांची असो की लोखंडी नळ्यांची असो, चांगल्या परांचीची लक्षणे एकच. तिचे उभे खांब भुसभुशीत मातीवर किंवा सुट्या विटांवर न ठेवता टणक बैठकीवर ठेवलेले असावेत. तिच्यावर येणाऱ्या अपेक्षित भाराच्या किमान चौपट भार पेलण्याची तिची क्षमता असावी. उभे राहण्याच्या फळ्या एकमेकींना भिडवून बसविलेल्या व दोन्ही टोकांना जखडलेल्या असाव्यात. बाहेरच्या बाजूस साधारणतः एक मीटर उंचीवर कठडा असावा, त्याच्या निम्म्यावर आणखी एक आडवा बांबू असावा आणि फळीच्या कडेला हत्यारे खाली घरंगळू नयेत म्हणून उभी पट्टी असावी. पावसाळ्यात बांबू निसरडे होतात आणि दोऱ्यांच्या गाठी सैल पडतात. म्हणून मोठ्या पावसानंतर किंवा वादळानंतर प्रत्येक गाठ तपासल्याशिवाय कोणालाही वर चढू देऊ नये.

आच्छादनाच्या कामात मात्र एक विशेष अडचण उद्भवते. उंच परांची केवळ स्वतःच्या पायांवर उभी राहत नाही. ठरावीक अंतरावर ती भिंतीशी बांधलेली असते. या बांधण्या ज्या ठिकाणी भिंतीला भिडतात, नेमक्या त्याच ठिकाणी कधी ना कधी फरशी किंवा तक्ता बसवावा लागतो. बांधणी आड येते, म्हणून ती सोडली जाते. एक सोडल्याने काही बिघडल्याचे दिसत नाही, म्हणून दुसरी सोडली जाते. अशा रीतीने काम जसजसे पुरे होत जाते, तसतशी परांची इमारतीपासून सुटी होत जाते आणि एखाद्या झंझावातात ती बाहेरच्या बाजूस कलंडते. धूळ अडविण्यासाठी परांचीवर ताडपत्री किंवा दाट जाळी लावलेली असेल, तर ती शिडासारखी वारा धरते आणि हा धोका अनेक पटींनी वाढतो. यावर उपाय सोपा आहे. शेजारी नवी बांधणी पक्की केल्यावाचून जुनी सोडू नये, आणि ती सोडण्याचे काम परांची बांधणाऱ्या जाणकारानेच करावे, फरशी बसविणाऱ्याने नव्हे.

भाराचा हिशेबही असाच नजरेआड होतो. ६० सेंटिमीटर लांब, तितकीच रुंद आणि ३ सेंटिमीटर जाड अशी वालुकाश्माची एक फरशी सुमारे २५ किलोग्रॅम वजनाची भरते. फेऱ्या वाचाव्यात म्हणून अशा बारा फरश्या एकाच जागी रचल्या, तर फळीवर ३०० किलोग्रॅमचा भार पडतो. त्यात दोन माणसांचे व मसाल्याच्या घमेल्यांचे वजन निराळेच. म्हणून लागेल तेवढेच साहित्य वर घ्यावे आणि ते खांबांच्या जवळ ठेवावे.

पत्र्यांच्या बाबतीत वजनापेक्षा वाऱ्याचे भय अधिक. ताशी ३६ किलोमीटर वेगाचा वारा तीन चौरस मीटरच्या पत्र्यावर समोरून आदळला, तर तो सुमारे १८ किलोग्रॅम वजनाइतका दाब देतो. हा दाब एकाएकी येतो आणि पत्रा धरलेल्या माणसाला त्याच्यासह ओढून नेतो. मोठा पत्रा दोघांनी धरावा, दोरीने वर घ्यावा आणि वारा वाढताच काम थांबवावे. जवळून विजेच्या तारा जात असतील तर त्यांतील प्रवाह बंद करवून घेतल्याखेरीज लांब पत्रा किंवा लोखंडी नळी उचलूच नये.

यानंतर विचार येतो तो सुरक्षा पट्ट्याचा. पट्टा पडणे टाळीत नाही, पडणाऱ्याला फक्त मध्येच अडवितो. त्यामुळे तो परांचीच्या जागी नव्हे, तर परांचीच्या जोडीने वापरावयाचा असतो. केवळ कमरेभोवती बांधलेल्या पट्ट्याने पोटाला व मणक्याला गंभीर इजा होऊ शकते. खांदे व मांड्या यांवर झटका विभागून घेणारा हार्नेस त्यासाठी आवश्यक आहे. तो कोठे अडकवावा यालाही महत्त्व आहे. सुमारे १.८ मीटर लांबीची दोरी डोक्याच्या वर अडकविली तर माणूस फारच थोडे अंतर पडतो. तीच पायापाशी अडकविली तर तो तीन मीटरांहून अधिक पडतो. ज्या परांचीच्याच भक्कमपणाची शाश्वती नाही तिलाच पट्टा अडकविणे व्यर्थ होय. इमारतीच्या पक्क्या भागाला बांधलेली स्वतंत्र दोरी त्यासाठी हवी. लोंबकळत राहिलेल्या माणसाच्या पायांत रक्त साचून थोड्याच मिनिटांत त्याचा जीव धोक्यात येऊ शकतो. म्हणून त्याला खाली कसे उतरवावयाचे हेही आधीच ठरलेले असावे.

धोका केवळ उंचीवरच्या माणसाला असतो असे नाही. परांचीखालचा भाग दोरी बांधून बंद करावा आणि तेथे वावरणाऱ्या प्रत्येकाने शिरस्त्राण घालावे. दगड कापताना उडणारी सूक्ष्म धूळ फुप्फुसात साचून सिलिकोसिस हा बरा न होणारा रोग जडतो. म्हणून पाण्याची धार सोडून दगड कापावा आणि योग्य मुखपट्टी वापरावी.

बांधकाम मजुरांच्या सुरक्षिततेसाठी भारतात १९९६ साली स्वतंत्र कायदा करण्यात आला. पुढे २०२० साली संसदेने संमत केलेल्या कामगारविषयक संहितेत तो सामावून घेण्यात आला. नियम अशा रीतीने लिहिलेले आहेत. परंतु परांचीवर उभा असलेला मजूर बहुधा परप्रांतातून आलेला, रोजंदारीवरचा व उपकंत्राटदाराच्या हाताखालचा असतो. बांबू किती घ्यावयाचे, बांधण्या किती ठेवावयाच्या, काम कोणत्या तारखेस संपवावयाचे, यांपैकी काहीही त्याच्या हाती नसते. हे निर्णय खाली उभे असलेले लोक घेतात. यास्तव रोज सकाळी परांची तपासण्याची जबाबदारी एका नेमलेल्या, जाणकार माणसावर असावी, तपासणीची नोंद ठेवली जावी, आणि सैल गाठ दिसताच काम थांबविणाऱ्या मजुराचा त्या दिवसाचा रोज कापला जाऊ नये.