यशवंत विष्णू चंद्रचूड

यशवंत विष्णू चंद्रचूड (१२ जुलै, इ.स. १९२० – १४ जुलै, इ.स. २००८) हे भारताचे सोळावे सरन्यायाधीश होते. २२ फेब्रुवारी १९७८ ते ११ जुलै १९८५ अशी सात वर्षे चार महिन्यांहून अधिक काळ त्यांनी हे पद सांभाळले. भारताच्या इतिहासात एवढा प्रदीर्घ काळ सरन्यायाधीशपदी राहिलेली दुसरी व्यक्ती नाही. आणीबाणीतील बंदिप्रत्यक्षीकरण खटला, मिनर्व्हा मिल्स, शाहबानो आणि मुंबईतील पदपथवासीयांचा ओल्गा टेलिस खटला यांतील निकालांमुळे त्यांचे नाव भारतीय घटनाविधीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते.

चंद्रचूड घराण्याचे मूळ गाव पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यातले कन्हेरसर. तेथे या घराण्याचा वाडा आहे. चाकणची औद्योगिक वसाहत याच तालुक्यात असून, पुढे खेडच्या विशेष आर्थिक क्षेत्रासाठी ज्या गावांच्या जमिनी घेण्यात आल्या त्यांत कन्हेरसरचाही समावेश होता. यशवंतरावांचा जन्म आणि शालेय शिक्षण मात्र पुण्यातले.

== शिक्षण आणि वकिली ==

पुण्याच्या नूतन मराठी विद्यालयात शालेय शिक्षण घेतल्यानंतर ते मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात गेले. इतिहास व अर्थशास्त्र हे विषय घेऊन त्यांनी पदवी मिळवली आणि पुण्याच्या विधी महाविद्यालयातून १९४२ मध्ये कायद्याची परीक्षा उत्तीर्ण केली. १९४३ पासून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली. १९४९ ते १९५२ या काळात ते मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अर्धवेळ अध्यापनही करीत. त्यांच्या पत्नी प्रभा या आकाशवाणीवर गाणाऱ्या गायिका होत्या.

१९५८ मध्ये ते उच्च न्यायालयात सरकारी वकील झाले. याच पदावर असताना त्यांच्या वाट्याला नानावटी खटला आला. नौदल अधिकारी कावस नानावटी यांनी २७ एप्रिल १९५९ रोजी प्रेम आहुजा यांना गोळ्या घालून ठार केले होते. सत्र न्यायालयातील ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरवले. पण हा कौल न पटल्याने सत्र न्यायाधीशांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवले. तेथे सरकारची बाजू चंद्रचूडांनी मांडली. उच्च न्यायालयाने नानावटींना दोषी ठरवून जन्मठेप दिली आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. वृत्तपत्रे आणि लोकमत आरोपीच्या बाजूने असताना हे काम करावे लागले होते.

== न्यायाधीशपद ==

१९ मार्च १९६१ रोजी चंद्रचूड मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि २८ ऑगस्ट १९७२ रोजी सर्वोच्च न्यायालयात गेले. अमेरिकेत संघराज्याची जिल्हा न्यायालये, त्यांच्यावर संघीय अपील न्यायालये आणि राज्यांची वेगळी न्यायालये अशी दुहेरी रचना आहे. भारतात न्यायव्यवस्था एकच आहे. केंद्राचा कायदा असो वा राज्याचा, खटला त्याच न्यायालयांत चालतो. खेडच्या न्यायालयात सुरू झालेला जमिनीचा दावा पुण्याच्या जिल्हा न्यायालयातून मुंबई उच्च न्यायालयात आणि तेथून, महत्त्वाचा प्रश्न असल्यास, सर्वोच्च न्यायालयात जातो. अपिलांखेरीज मूलभूत हक्कांसाठीचे अर्जही वरची न्यायालये थेट ऐकतात. चंद्रचूडांचे सर्वांत गाजलेले निकाल या दोन्ही प्रकारांतले आहेत.

उच्च न्यायालयात असताना त्यांच्याकडे एक वेगळे कामही आले. भारतीय जनसंघाचे अध्यक्ष दीनदयाळ उपाध्याय यांचा मृतदेह फेब्रुवारी १९६८ मध्ये मुगलसराय स्थानकाजवळ सापडला होता. या मृत्यूच्या चौकशीसाठी नेमलेल्या एकसदस्य आयोगाचे काम चंद्रचूडांनी केले. हा खून राजकीय हेतूने नव्हे तर चोरट्यांकडून झाला, असा निष्कर्ष आयोगाने १९७० मध्ये काढला. उपाध्यायांच्या अनेक अनुयायांना तो मान्य झाला नाही.

सर्वोच्च न्यायालयात आल्यावर वर्षभरातच केशवानंद भारती खटला उभा राहिला. संसद घटनेत कितीही आणि कसाही बदल करू शकते काय, असा प्रश्न तेरा न्यायाधीशांच्या पीठासमोर होता. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा अशा बहुमताने ठरले की, घटनेची मूलभूत चौकट बदलता येणार नाही. चंद्रचूड अल्पमतात होते. संसदेच्या घटनादुरुस्तीच्या अधिकारावर अशी मर्यादा नाही, असे त्यांचे मत होते. पुढच्याच काही वर्षांत या सिद्धांताचा सर्वांत परिणामकारक वापर त्यांनीच केला. १९७५ मध्ये इंदिरा गांधींची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवण्यासाठी एकोणचाळिसावी घटनादुरुस्ती करण्यात आली. त्या खटल्यात त्यांनी बहुमताचा निर्णय बंधनकारक मानला आणि या दुरुस्तीतील संबंधित कलम मूलभूत चौकटीच्या आधारे रद्दबातल ठरवले. निवडणूक मात्र न्यायालयाने वैध ठरवली.

== बंदिप्रत्यक्षीकरण खटला ==

२५ जून १९७५ रोजी आणीबाणी जाहीर झाली. पाठोपाठ २७ जूनच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने समता, जीवित व व्यक्तिस्वातंत्र्य आणि अटकेविरुद्धचे संरक्षण (अनुच्छेद १४, २१ व २२) यांसाठी न्यायालयात दाद मागण्याचा हक्क स्थगित झाला. देशभर हजारो लोक ‘मिसा’ कायद्याखाली तुरुंगात गेले. पुण्याचे येरवडा कारागृह अशा राजबंद्यांनी भरले होते. बंद्यांनी उच्च न्यायालयांत अर्ज केले. अटक कायद्याप्रमाणे झाली आहे की नाही, एवढे तरी तपासता येईल, असे नऊ उच्च न्यायालयांनी सांगितले. सरकारने त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अपील केले. हाच ‘अतिरिक्त जिल्हा दंडाधिकारी, जबलपूर विरुद्ध शिवकांत शुक्ला’ खटला होय.

प्रश्न साधा होता आणि भयंकरही. अधिकाऱ्याने वैयक्तिक वैरातून किंवा चुकीच्या माणसाला पकडले, तरी त्या माणसाने आणीबाणीत न्यायालयाचे दार ठोठावायचे नाही काय? सुनावणीत न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी ॲटर्नी जनरल निरेन डे यांना विचारले, की पोलिसाने द्वेषापोटी कोणाचा जीव घेतला तर काय? आदेश लागू असेपर्यंत त्यावरही न्यायालयीन उपाय नाही, अशा अर्थाचे उत्तर आले. २८ एप्रिल १९७६ रोजी निकाल लागला. सरन्यायाधीश अजितनाथ राय, मिर्झा हमीदुल्ला बेग, चंद्रचूड आणि प्रफुल्लचंद्र भगवती या चौघांनी सरकारची बाजू उचलून धरली. एकट्या खन्ना यांनी विरोधी निकाल लिहिला. चंद्रचूडांनी आपल्या निकालपत्रात अशा गैरप्रकारांची वेळ येणार नाही अशी आशा व्यक्त केली होती. बंदिवानाला मात्र अधिकाऱ्यांच्या भलेपणावर भिस्त ठेवण्यापलीकडे त्यातून काही मिळाले नाही.

जानेवारी १९७७ मध्ये सेवाज्येष्ठता डावलून खन्नांऐवजी बेग सरन्यायाधीश झाले आणि खन्नांनी राजीनामा दिला. बेग निवृत्त झाले तेव्हा जनता पक्षाचे सरकार होते आणि त्यातील अनेक मंत्री स्वतः आणीबाणीत तुरुंगात होते. सेवाज्येष्ठतेने पुढचा क्रमांक चंद्रचूडांचा होता. बंदिप्रत्यक्षीकरण खटल्यातील निकालामुळे त्यांना हे पद देऊ नये, अशी मागणी वकिलांच्या व विचारवंतांच्या एका गटाने केली. सरकारने ती मानली नाही. पुन्हा एकदा ज्येष्ठता डावलणे म्हणजे आधीच्या सरकारचीच चूक गिरवणे ठरले असते. पुढे चंद्रचूडांनी या निकालाबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २० व २१ आणीबाणीतही स्थगित करता येणार नाहीत, अशी तरतूद झाली. न्यायालयीन पातळीवर हा निकाल मोडीत निघाला तो २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खासगीपणाच्या हक्काच्या खटल्यात. नऊ न्यायाधीशांच्या त्या पीठातील प्रमुख निकालपत्र यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी लिहिले आणि १९७६ च्या बहुमताचे चारही निकाल गंभीरपणे सदोष असल्याचे त्यात नमूद केले. त्या चारांपैकी एक त्यांच्या वडिलांचा होता.

== सरन्यायाधीशपदाचा काळ ==

मोरारजी देसाई, चरणसिंग, इंदिरा गांधी आणि राजीव गांधी असे चार पंतप्रधान या काळात झाले. पद स्वीकारल्यानंतर काही महिन्यांतच, ‘किस्सा कुर्सी का’ या चित्रपटासंबंधीच्या खटल्यात साक्षीदारांवर दबाव आणल्याच्या कारणावरून संजय गांधी यांचा जामीन चंद्रचूडांच्या पीठाने महिनाभरासाठी रद्द केला. त्याच वर्षी, कामगार कायद्यातील ‘उद्योग’ या शब्दाची व्याप्ती ठरवणाऱ्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्याच्या सात सदस्यीय पीठातही ते होते. कारखान्यांपलीकडे रुग्णालये, शिक्षणसंस्था आणि नगरपालिकांची अनेक कामे या व्याख्येत आल्याने कामगार चळवळीच्या दृष्टीने तो निकाल मोलाचा ठरला.

१९८० च्या मिनर्व्हा मिल्स खटल्यात बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीची दोन कलमे रद्द झाली. एकाने संसदेचा दुरुस्तीचा अधिकार अमर्याद केला होता. दुसऱ्याने मार्गदर्शक तत्त्वांसाठी केलेल्या कोणत्याही कायद्याला समता व स्वातंत्र्य या हक्कांपासून अभय दिले होते. बहुमताचा निकाल चंद्रचूडांचा होता. घटनेने मर्यादित अधिकार दिलेल्या संस्थेला त्या अधिकाराच्या बळावर तोच अमर्याद करून घेता येणार नाही, हा त्यातील मध्यवर्ती युक्तिवाद आहे. महाराष्ट्राच्या शेतजमीन कमाल धारणा कायद्यासंबंधीच्या वामनराव खटल्यात त्यांनी २४ एप्रिल १९७३ ही सीमारेषा आखली: त्यानंतर नवव्या परिशिष्टात घातलेले कायदे मूलभूत चौकटीच्या कसोटीवर तपासता येतील.

सामान्य माणसाच्या अधिक जवळचा निकाल म्हणजे गुरबक्षसिंग सिब्बिया खटल्यातला. अटकपूर्व जामिनावर उच्च न्यायालयाने घातलेल्या सरसकट अटी त्यात काढून टाकण्यात आल्या. अटकपूर्व जामिनाचा अर्ज करणारा वकील आजही त्या निकालाचा आधार घेतो. जन्मठेप भोगणाऱ्या कैद्याने खून केल्यास फाशी अनिवार्य करणारे दंडसंहितेचे ३०३ वे कलम चंद्रचूडांच्या पीठाने १९८३ मध्ये रद्द केले. फाशीची शिक्षा घटनात्मक ठरवणाऱ्या १९८० च्या बचनसिंग खटल्यात मात्र ते बहुमतासोबत होते.

२३ एप्रिल १९८५ च्या शाहबानो निकालाने देशभर वादळ उठले. इंदूरच्या या वृद्ध महिलेला पतीने १९७८ मध्ये तलाक दिला होता. दंडाधिकाऱ्यांनी तिला महिना २५ रुपये पोटगी मंजूर केली होती. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने ती १७९ रुपये २० पैसे केली. पतीचे अपील फेटाळताना चंद्रचूडांनी सांगितले की, फौजदारी प्रक्रिया संहितेचे १२५ वे कलम धर्म न पाहता सर्वांना लागू आहे. निकालपत्रात समान नागरी कायद्याचा उल्लेख व धर्मग्रंथाचे विवेचनही आल्याने विरोध आणखी तीव्र झाला. १९८६ मध्ये संसदेने घटस्फोटित मुस्लीम स्त्रियांसाठी वेगळा कायदा केला.

त्याच वर्षीच्या मे महिन्यात त्यांनी व्यभिचाराला गुन्हा ठरवणारे ४९७ वे कलम वैध ठरवले. तेही पुढे मुलाचा सहभाग असलेल्या पीठाने, २०१८ मध्ये, रद्द केले.

== ओल्गा टेलिस खटला ==

जुलै १९८१ मध्ये महाराष्ट्राचे मुख्यमंत्री अब्दुल रहमान अंतुले यांनी मुंबईतील पदपथांवर राहणाऱ्यांना हटवून त्यांच्या मूळ गावी धाडण्याची घोषणा केली. भर पावसाळ्यात झोपड्या पाडल्या जाऊ लागल्या. पत्रकार ओल्गा टेलिस, काही नागरी हक्क कार्यकर्ते आणि स्वतः पदपथवासी सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल १० जुलै १९८५ रोजी, चंद्रचूडांच्या निवृत्तीच्या आदल्या दिवशी, लागला.

माणूस पदपथावर हौसेने राहत नाही. काम जेथे आहे तेथेच त्याला राहावे लागते आणि तेथून हटवणे म्हणजे त्याचे काम हिरावणे होय, ही वस्तुस्थिती न्यायालयाने मान्य केली. उपजीविकेचे साधन काढून घेतल्यास जीवित राहण्याचा हक्क पोकळ होतो. म्हणून उपजीविकेचा हक्क अनुच्छेद २१ चा भाग आहे, असा सिद्धांत निकालात मांडला गेला. महापालिकेला पदपथ मोकळे करण्याचा अधिकार देणारे कलम मात्र वैध ठरले. पावसाळा संपेपर्यंत, म्हणजे ३१ ऑक्टोबर १९८५ पर्यंत, कारवाई थांबवण्यात आली. १९७६ च्या गणनेतील ओळखपत्रे असलेल्यांना पर्यायी जागा द्यावी असे सांगितले गेले आणि वीस वर्षांहून जुन्या झोपडपट्ट्या सार्वजनिक कामाची गरज असल्याशिवाय पाडू नयेत असे ठरले. त्यामुळे हा निकाल पदपथवासीयांनी तत्त्वतः जिंकला आणि व्यवहारात बराचसा गमावला. मुंबईप्रमाणेच पिंपरी-चिंचवडसारख्या, बाहेरून आलेल्या श्रमिकांवर उभ्या राहिलेल्या शहरांत झोपड्या हटवण्याचा प्रश्न आला, की वकील याच निकालाकडे वळतात.

== निवृत्तीनंतर ==

निवृत्तीनंतर १९९७ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने सामनानिश्चितीच्या आरोपांची चौकशी त्यांच्याकडे सोपवली. या चौकशीत ठोस पुरावा आढळला नाही. २००० साली हे प्रकरण पुन्हा उफाळून केंद्रीय अन्वेषण विभागाने वेगळे निष्कर्ष काढले, तेव्हा त्यांच्या अहवालावर टीका झाली.

१४ जुलै २००८ रोजी, अठ्ठ्याऐंशी वर्षे पूर्ण झाल्यानंतर दोनच दिवसांनी, त्यांचे निधन झाले. धनंजय चंद्रचूड तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश होते. ९ नोव्हेंबर २०२२ रोजी ते भारताचे सरन्यायाधीश झाले. पिता आणि पुत्र दोघेही या पदावर असल्याचे भारतातील हे एकमेव उदाहरण आहे.