सुजेच्या गोळीतला रेशीमकिडा

तुतीच्या पाल्यावर रेशीमकिडे पोसणाऱ्या बीडच्या शेतकऱ्याला सांगूनही पटायचे नाही, पण मेडिकलमधल्या सुजेच्या गोळीशी त्याच्या किड्याचे जुने नाते आहे. या किड्याच्या आतड्यात सापडलेल्या सेराशिया जिवाणूपासून जपानी संशोधकांनी 1960च्या दशकात प्रथिने फोडणारे एक विकर, म्हणजे एन्झाइम, वेगळे केले. तेच सेराशिओपेप्टिडेज. दाढ काढा, पाय मुरगळू द्या, चिठ्ठीवर ते हजर!

गंमत म्हणजे, जपानमध्ये टाकेडा कंपनीने 2011मध्ये ते बाजारातून काढून घेतले. नव्या चाचण्यांत औषध नसलेल्या गोळीपेक्षा त्याचा जास्त उपयोग दिसला नाही. आपल्याकडे खप चालूच आहे.

ते विषारी आहे का? विकर हे स्वतःच प्रथिन. बरेचसे पोटातच पचून जाते. कुणाला पुरळ येते. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर रक्तस्रावाची भीती असते. खरे घातकी त्याचे सोबती. सेराशिओपेप्टिडेजबरोबर एकाच गोळीत बहुधा 100 मिलिग्रॅम अ‍ॅसिक्लोफेनॅक आणि 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असते. दिवसभर कोयता चालवून कंबर धरलेला ऊसतोड मजूर अशा गोळ्या घेतो आणि ताप आला की वर पॅरासिटामॉल वेगळे. अ‍ॅसिक्लोफेनॅक जठराला जखमा करते. उन्हात घाम गाळून पाणी कमी पडलेल्या शरीरात मूत्रपिंडालाही इजा करते. पॅरासिटामॉल अति झाले तर पहिल्या दिवशी नुसती मळमळ होते, कधी तीही नाही. यकृत ढासळल्याचे दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते. अ‍ॅसिटिलसिस्टीन हा त्यावरचा उतारा पहिल्या आठ तासांत दिला तर सर्वांत गुणकारी ठरतो.

पचनाची विकरेही अगदीच निरुपद्रवी नव्हेत. 1994मध्ये ब्रिटनमध्ये सिस्टिक फायब्रोसिस हा आनुवंशिक आजार झालेल्या काही मुलांची मोठी आतडी स्वादुपिंडाच्या विकरांच्या जबर मात्रेनंतर आक्रसलेली आढळली. तेव्हापासून मात्रेला मर्यादा आली. आपल्याकडे केंद्र सरकारने ऑगस्ट 2024मध्ये 156 मिश्र औषधांवर बंदी घातली. त्यांत डझनाहून अधिक विकरे एकत्र कोंबलेले एक पाचकही होते. इतकी विकरे एका गोळीत कशासाठी, हे विकणाऱ्यालाच ठाऊक.

दुखण्याची गोळी घेताना पाकिटावरची बारीक अक्षरे दुकानदाराकडून वाचून घ्या. गोळ्या जास्त झाल्याची शंका आली तर त्रासाची वाट न पाहता, रिकामे पाकीट सोबत घेऊन थेट अंबाजोगाई किंवा बीडचे सरकारी रुग्णालय गाठा.