इंटरनेटवरील भूपृष्ठ-प्रतिमाने आणि वासण्याच्या पाण्याची वाट

भूपृष्ठाचे संगणकीय प्रतिमान म्हणजे जमिनीचा उंचसखलपणा, तिच्यावरून वाहणारे पाणी आणि पाण्याबरोबर जाणारी माती यांचे आकडेमोडीतून उभे केलेले रूप होय. पूर्वी अशा कामासाठी मोठा संगणक, महागडी प्रणाली आणि संगणकभाषेचे चांगले ज्ञान आवश्यक असे. आता इंटरनेटची जोडणी असलेल्या साध्या संगणकावरही असे प्रतिमान तयार करून चालवता येते. प्रस्तुत लेखात या साधनांची ओळख करून देऊन, बडोद्याच्या वासणा भागासारख्या सपाट प्रदेशात अध्यापकांनी त्यांच्यावर किती भरवसा ठेवावा, याचा विचार केला आहे.

विषयाची निकड

बडोदेकरांसाठी हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. विश्वामित्री नदी पावागढच्या डोंगरात उगम पावते, वळणे घेत शहरातून जाते आणि पुढे ढाढर नदीला मिळते. पावागढची उंची सुमारे ८०० मीटर आहे, तर शहर समुद्रसपाटीपासून जेमतेम ३५ ते ४० मीटरवर वसले आहे. डोंगरउतारावरून वेगाने आलेले पाणी मैदानात मंदावते आणि पसरते. शहराच्या पूर्वेला महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांच्या काळात पिण्याच्या पाण्यासाठी बांधलेले आजवा सरोवर आहे. ते भरले म्हणजे त्याचे जादा पाणीही याच नदीत येते. ऑगस्ट २०२४ मध्ये नदीने २५ फुटांची धोक्याची पातळी मागे टाकून ३५ फुटांचा आकडा ओलांडला आणि शहरातील अनेक वस्त्या पाण्याखाली गेल्या.

वासणा नदीच्या पश्चिमेला आहे. एकेकाळचे गाव आणि भोवतालची शेते यांच्या जागी आज रस्ते आणि सोसायट्या उभ्या आहेत. येथील विद्यार्थ्याचा प्रश्न साधा असतो : आपल्या गल्लीत पाणी कोठून येते आणि कोठून निघून जाते?

साधनांची ओळख

अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २००७ मध्ये भूपृष्ठ-प्रतिमानांचा एक सामुदायिक प्रकल्प सुरू झाला. त्याचे संक्षिप्त नाव सीएसडीएमएस. जगभरच्या संशोधकांनी लिहिलेली प्रतिमाने एकत्र आणून ती एकमेकांना जोडता यावीत, हा त्याचा हेतू होता. या प्रकल्पाने ब्राउझरमधून चालणारे एक साधन तयार केले. त्यात वापरणाऱ्याने प्रतिमान निवडायचे, पाऊस, उतार इत्यादींचे आकडे भरायचे आणि काम दूरच्या संगणकाकडे सोपवायचे, अशी सोय होती. पुढे ज्युपिटर नावाच्या वहीवजा साधनाचा प्रसार झाला. त्यात स्पष्टीकरण, सूत्र आणि आलेख एकाच पानावर येतात, म्हणून वर्गासाठी ते अधिक सोयीचे आहे. पायथन भाषेतील ‘लँडलॅब’ हा विनामूल्य संच अशा वहीतून चालवता येतो. पाण्याची दिशा ठरवणे, पूर पसरवणे, जमिनीची धूप मोजणे अशा कामांसाठी त्यात स्वतंत्र घटक आहेत.

जमिनीच्या उंचीचे आकडेही विनामूल्य मिळतात. फेब्रुवारी २००० मध्ये ‘एंडेव्हर’ या अंतराळयानाने रडारच्या साहाय्याने पृथ्वीच्या सुमारे ८० टक्के भूभागाची उंची मोजली. भारताच्या कार्टोसॅट-१ उपग्रहाच्या (२००५) छायाचित्रांवरून तयार केलेले उंचीचे आकडे ‘भुवन’ या संकेतस्थळावर मिळतात. इस्रोने हे संकेतस्थळ २००९ मध्ये सुरू केले.

प्रतिमान कसे चालते?

प्रथम जमिनीचे चौकोन पाडले जातात. वरील आकड्यांत साधारणपणे ३० मीटर लांबी-रुंदीचा एक चौकोन असतो आणि प्रत्येक चौकोनाला एकच उंची दिलेली असते. संगणक प्रत्येक चौकोनाभोवतालचे आठ शेजारी तपासतो आणि ज्या बाजूला उतार सर्वांत तीव्र, त्या बाजूला पाणी सोडतो. असे करत गेले की कोणत्या चौकोनात किती क्षेत्राचे पाणी जमा होते, ते कळते. १०० मिलिमीटर पाऊस पडला तर अशा एका चौकोनावर ९० घनमीटर, म्हणजे ९० हजार लिटर पाणी पडते. एका चौरस किलोमीटरवर हाच आकडा १० कोटी लिटर होतो. हे गणित फळ्यावरही करून दाखवता येते.

धुपेचे प्रतिमान याच पायावर उभे असते. वरून येणारे क्षेत्र जितके मोठे आणि उतार जितका तीव्र, तितकी धूप अधिक, हे त्याचे मूळ सूत्र आहे. बडोद्याच्या उत्तरेकडून वाहणाऱ्या मही नदीच्या काठची कोतरे हे त्याचे जवळचे उदाहरण.

मर्यादा

येथेच अध्यापकाची खरी जबाबदारी सुरू होते. पहिली मर्यादा उंचीची. रडारने मोजलेल्या उंचीतील चूक १६ मीटरच्या आत असावी, असे मूळ उद्दिष्ट होते. सपाट प्रदेशात प्रत्यक्ष चूक बरीच कमी असते, तरी ती काही मीटर असू शकते. २०२४ मध्ये धोक्याची पातळी आणि महापूर यांतील अंतर सुमारे १० फूट, म्हणजे तीन मीटर होते. ज्या फरकाने घर बुडते तो फरक मापनाच्या चुकीएवढाच असेल, तर अशा आकड्यांवरून एखादे घर सुरक्षित ठरवता येत नाही.

दुसरी मर्यादा चौकोनाची. बडोद्यात पावसाचे पाणी वाहून नेणाऱ्या नैसर्गिक ओढ्याला ‘कांस’ म्हणतात. पाच-दहा मीटर रुंदीची कांस ३० मीटरच्या चौकोनात दिसतच नाही. तिसरी मर्यादा तळ्यांची. चहूबाजूंनी उंच असलेला खोलगट चौकोन ही मापनातील चूक आहे असे समजून अनेक प्रणाली तो आधीच बुजवून टाकतात. त्यामुळे गावतळे आकडेमोडीतून नाहीसे होते. अर्थात, पाणी धरून ठेवणारे तळे आणि पाणी वाहून नेणारी कांस, म्हणजे वस्तीला वाचवणाऱ्या दोन्ही गोष्टी, नेमक्या प्रतिमानातून गळतात.

चौथी मर्यादा काळाची. २००० सालच्या मापनात त्यानंतरचे भराव, रस्ते आणि इमारती नाहीत. २०२५ मध्ये विश्वामित्रीचे पात्र खोल व रुंद करण्याचे काम झाले. तेही त्या आकड्यांत नाही.

वर्गातील उपयोग

याचा अर्थ ही साधने टाकाऊ आहेत असा नाही. पावागढपासून शहरापर्यंतचे पाणलोट क्षेत्र दाखवणे, पाऊस दुप्पट झाला तर काय होईल याची तुलना करणे, अशा मोठ्या प्रश्नांना ती चांगली उपयोगी पडतात. गल्लीच्या प्रश्नासाठी मात्र क्रम उलटा करावा. विद्यार्थ्यांनी प्रथम वासण्यात फिरून भिंतींवरील पुराच्या खुणा मोजाव्यात, कांस आणि तळ्यांच्या जागा नकाशावर मांडाव्यात आणि वडीलधाऱ्यांना जुन्या पाणवाटा विचाराव्यात. नंतर प्रतिमान चालवून दोन्ही नकाशे शेजारी ठेवावेत. जेथे ते जुळत नाहीत, तेथे वरीलपैकी कोणती मर्यादा आड आली हे शोधणे, हाच पाठ.

समारोप

प्रतिमान चालले म्हणजे ते खरे ठरले असे नव्हे. संगणक रंगीत नकाशा दोन मिनिटांत देतो आणि छापील नकाशावर विश्वास बसणे स्वाभाविक आहे. परंतु हेच विद्यार्थी उद्या घर घेतील, बांधकामाच्या कचेरीत काम करतील, नगरपालिकेत अर्ज करतील. नकाशावर कोरडी दिसणारी जागा खरोखर कोरडी आहे, की तेथील तळे आकडेमोडीत बुजवले गेले आहे, हे विचारण्याची सवय त्यांना लागली, तर या साधनांचा वर्गातील उपयोग सार्थकी लागला असे म्हणता येईल.