सव्वातीन इंच

मराठी विभागाला मजकूर कमी पडतोय म्हणून आमच्या विंगमध्ये वसुली चालू होती, त्यात मी सापडले. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. 'पाना' म्हणजे पुस्तकाचं पान नव्हे, हे मला मामाच्या गोठ्यात कळलं. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका पोटात घाला.

मामाचं गाव भोरहून वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यापासून आत. घरी १९९१ ची महिंद्रा एमएम ५४० आहे. महिंद्राने १९४७ साली मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली, त्याच घराण्यातली ही. डिझेल इंजिन, फोर व्हील ड्राइव्ह, पुढेमागे सॉलिड ॲक्सल आणि चारही चाकांना पाटे. म्हणजे पाना, हातोडी आणि थोडी अक्कल असली की घरी खोलता येईल अशी गाडी! (तिसरी गोष्ट नेमकी कमी पडते.)

मामाच्या मुलाने, म्हणजे दादाने, ती 'उचलली' होती. शेताच्या रस्त्यावर पोट दगडाला लागतं, ही त्याची तक्रार. पट्टी कापून मूळपेक्षा ४ इंच लांब शॅकल बनवले, २९ इंची टायरच्या जागी साडेएकतीस इंची चढवले. दिसायला एकदम हिरो! मी पण बॉनेटवर बसून फोटो काढून घेतला.

मग उगाच हिशोब केला. पाट्याचं एक टोक पक्कं असतं आणि दुसरं शॅकलवर झुलतं. म्हणून शॅकल ४ इंच वाढवला तर मध्ये बसलेल्या ॲक्सलजवळ गाडी फक्त २ इंच उचलली जाते. टायरचा व्यास अडीच इंच वाढला, त्याचे वर सव्वा. एकूण सव्वातीन इंच. पण त्यातली खरी गंमत अशी, की शॅकलने चेसिस वर जाते, डिफरन्शियलचा गोळा जिथे होता तिथेच राहतो. तो ॲक्सलवर असतो ना! म्हणजे जो गोळा दगडावर आधी आपटणार, त्याला मिळाले फक्त टायरचे सव्वा इंच.

तरी मी गप्प बसले असते. पण मामा दर पंधरवड्याला आजीला याच गाडीतून भोरला दवाखान्यात नेतो, आणि तो म्हणाला, "अगं, हल्ली ही वाऱ्यावर गेल्यासारखी चालते. स्टिअरिंग धरून बसावं लागतं."

याचं कारण सेकंड इयरला आपण पाठ केलेलं आहे. शॅकल लांब झाला की पाट्याचं एक टोक खाली जातं आणि ॲक्सल स्वतःभोवती थोडा फिरतो. पुढच्या ॲक्सलवर त्याने कॅस्टर अँगल बिघडतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरका असतो म्हणून ती सरळ जायला बघते. तो तिरकेपणा कमी झाला की चाक सरळ यायचं विसरतं. दुसरं, ४० च्या पुढे गाडी घुमायची. हूक्स जॉइंट आठवा. एकट्या जॉइंटमधून २० अंशात फिरणाऱ्या शाफ्टचा वेग प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे ६ टक्के वरखाली होतो. दोन जॉइंटचे कोन सारखे असतील तर एकाची चूक दुसरा निस्तरतो. ॲक्सल फिरला की कोन सारखे राहत नाहीत, मग क्रॉस ओरडतो. वायवाला मला हेच विचारलं होतं आणि मी छताकडे बघत होते.

आता एक काम असं, की घरी जुनी उचललेली जीप असेल तर या सुट्टीत कराच. ॲक्सलला नाही, चेसिसला जॅक लावून पुढची बाजू उचला आणि चाकं पूर्ण लोंबकळू द्या. चेसिसखाली पक्के स्टँड द्या, मागच्या चाकांना दगड लावा. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही आत शिरायचं नाही! मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावा आणि ब्रेकचे रबरी पाइप बघा.

मी बघितले. डाव्या बाजूचा पाइप वीणेच्या तारेसारखा ताणला होता. बोटाने दाबला तर बारीक भेगा उघडल्या. गाडी उंच झाली, पाइप मात्र जुन्या मापाचाच राहिला होता. एक चाक चरीत उतरलं की तो प्रत्येक वेळी ओढला जात होता. दादाला खाली बोलावलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही. त्यात मोठ्या टायरमुळे, पायाचा जोर तोच असला तरी ब्रेकचा जमिनीवरचा जोर ८ टक्के घटलेला, आणि स्पीडोमीटर ६० दाखवी तेव्हा गाडी ६५ वर.

गावातले मिस्त्री आले. त्यांनी पाटे सोडवून जमिनीवर ठेवले. "ताई, ह्यात कमान कुठाय?" खरंच, तीस वर्षांत ते जवळजवळ सपाट झाले होते. म्हणजे पोट दगडाला लागत होतं ते गाडी बुटकी म्हणून नव्हे, बसली होती म्हणून! पाटे तालुक्याला नेऊन कमान देऊन आणले, मूळ मापाचे शॅकल आणि नवे बुश टाकले. चेसिस ते ॲक्सल टेप लावून मोजलं, तर दादाच्या उंचीपेक्षा फक्त अर्धा इंच कमी. त्याचा चेहरा बघण्यासारखा होता.

चारही चाकांचे ब्रेक आम्ही दोघांनीच खोलले. लायनर घासून साफ, रबरी पाइप सगळे नवे. हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करायची. मी पेडलवर, दादा खाली. "दाब... धर... सोड." दुपारभर हेच. ब्रेक ऑइल सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं. आमच्या मडगार्डवर नकाशा उमटलाय.

सुधारणा म्हणाल तर एकच केली, हेडलाइटला रिले. बॅटरीवर १२.६ व्होल्ट, बल्बपाशी १०.९. बाकीचे जुन्या वायरी आणि स्विच खात होते. बॅटरीपासून फ्यूज घालून जाड वायर रिलेला आणि तिथून बल्बला. स्विचने फक्त रिले चालवायचा. त्याच बल्बांनी वाडा उजळला.

मोठ्या टायरवरून दादाशी दोन दिवस भांडण झालं. शेवटी कामाला आला कायदा. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, आणि २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, की कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण असतं, आमचं तोंडावर होतं. टायर उतरले. सध्या त्यांच्यावर गोठ्यात कोंबड्या बसतात.

परत यायच्या आदल्या दिवशी मामा आजीला घेऊन भोरला गेला. मी मागे बसले होते. उतारावर त्याने एक हात स्टिअरिंगवर ठेवून दुसऱ्याने तंबाखू मळली, म्हणजे गाडी सरळ जात होती. आजीला ब्रेकचं, कॅस्टरचं काही सांगितलं नव्हतं. दवाखान्यापाशी उतरताना ती एवढंच म्हणाली, "आता बरं झालं बाई, पाय टेकतो."